अण्णाचींचं दुकान, माझी सही

३ जानेवारी

सकाळी सकाळी भांडण! वरदराजन सार कॉफीची पूड घ्यायला आले आणि पूड बाजूलाच राहिली. हे उडीद डाळ तोलत होते, ते हातातलं माप तसंच वर धरून ओरडले — "दुकान नाही तर सही नाही! लिहून घ्या!" सार म्हणजे सर, आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे त्यांना वाटतं आवाज चढवला की उत्तर बरोबर येतं. तेही ओरडले. डाळ अर्धी जमिनीवर. झाडली मी!

गोष्ट एवढीच. आमचे चारी जुने ब्लॉक पाडून बिल्डर नऊ मजली इमारत बांधणार. लिफ्ट, दिवसरात्र पाणी, सगळं. बाकी सगळ्या घरांच्या सह्या झाल्या, राहिली आमची एक. आणि बिल्डर म्हणतो, एकही सही कमी असली तर मी कुदळ मारणार नाही. नकाशात खाली नुसत्या गाड्याच गाड्या. दुकानाचं नाव नाही. दुकान आणि मागची आमची खोली, दोन्हींच्या बदल्यात पाचव्या मजल्यावर घर.

हे म्हणाले, "पाचव्या मजल्यावर इडलीचा तांदूळ घ्यायला कोण येणार? कावळे?"

५ जानेवारी

सगळी कॉलनी ह्यांना 'अण्णाची' म्हणते. चेन्नईत किराणा दुकानदार म्हणजे अण्णाचीच — थोरला भाऊ. मला कसं म्हणता येईल? नवऱ्याला थोरला भाऊ! म्हणून इथं नुसतं 'हे'.

तर ह्यांची सध्या चंगळ आहे. ए ब्लॉकमधून मेदुवडे आले. डी ब्लॉकमधल्या म्हाताऱ्याने वडपळनीच्या देवळातला प्रसाद आणून दिला. "अण्णाची, मनावर घ्या." "अण्णाची, आमचा विचार करा." हे वडे खातात, ओठ पुसतात आणि मान हलवतात. नाही म्हणजे नाही.

एक गंमत कुणाच्या लक्षात नाही. दुकानाचे कागद माझ्या नावावर आहेत! अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या अप्पांनी गावचं ताडाचं रान विकून पैसे दिले, तेव्हाच अट घातली होती — कागद सेल्वकनीच्या नावावर. हे पण विसरले की काय? मी गप्प. वडे मात्र मीही खाल्ले.

९ जानेवारी

बिल्डरचा माणूस आला होता. तंगराज. बूट तोंड दिसेल इतके चकचकीत. ह्यांनी त्याला तांदळाच्या पोत्यावर बसवलं. उठला तेव्हा विजारीचा मागचा भाग पांढरा! कुणी सांगितलं नाही.

१३ जानेवारी

उद्यापासून पोंगल. सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नाही. उसाच्या मोळ्या, मुळासकट ओली हळद, नवा गूळ. जे रुसलेत तेही ऊस घ्यायला आले — तोंड फिरवून पैसे दिले आणि जाताना म्हणाले, "कांडं जरा जाड बघून द्या." रुसवा रुसव्याच्या जागी, ऊस उसाच्या जागी!

हे संध्याकाळी पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपले. गिऱ्हाइकासमोर. असं कधी होत नाही.

१९ जानेवारी

पोंगल संपलं, गोडवाही संपला. बी ब्लॉकमधल्या कुणीतरी जिन्यात चिठ्ठी चिकटवली — एका माणसाच्या हट्टापायी शहाण्णव घरं अडली. आता मेदुवडे बंद. निम्मे लोक फोनवरून सामान मागवतात. दिवसभर मोटारसायकली येतात आणि जातात.

आज त्यातलाच एक जण दुकानासमोर थांबला. घामाने निथळत होता. "अक्का, सी ब्लॉक चौदा नंबर कुठं? फोन उचलत नाहीत."

मी म्हटलं, "मागचा जिना, दुसरा मजला, डावीकडे. रोझलिनचं घर. बेल बिघडलीये, कडी वाजव. काय आणलंस?"

"तूरडाळ आणि चिंच."

माझ्याकडची तूरडाळ वीस पावलांवर आणि ही कुठून कुठून आलेली! राग आला. पण पोरगी सात महिन्यांची गरोदर आहे, हेही आठवलं. रागाला पाय फुटेनात. त्या माणसाने जाताना आमच्याकडून गोटी सोडा घेतला, उभ्याउभ्या प्याला. म्हटलं, चला, काहीतरी विकलं!

२३ जानेवारी

आज धमाल. तंगराज कागद घेऊन आला, सोबत वरदराजन सार. तंगराज कागदावर बोट ठेवून म्हणाला, "एक अडचण आहे. मूळ खरेदीत अण्णाचींचं नावच नाही. सेल्वकनी कोण?"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जिऱ्याच्या पुड्या बांधत होते. बांधतच राहिले.

सार म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण चुकीच्या माणसाला वडे घातले?"

हे एवढे हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं. म्हणाले, "अगं, खरंच की! तुझंच आहे. मग तूच बोल आता यांच्याशी." आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पण तंगराज निघाला तसं त्याला हळूच विचारलं — "पाचव्या मजल्यावर वारा बरा येतो का हो?" उगाच आपलं, टिंगल करायला, असं मला वाटलं.

२४ जानेवारी

सकाळपासून मी 'सेल्वकनी अम्मा' झाले आहे. कालपर्यंत 'अहो, जरा लवकर' होते!

२७ जानेवारी

आज तिसऱ्या मजल्यावर गेले. हे लिहितानाच लाज वाटते. अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्या मजल्याच्या वर कधी चढलेच नव्हते! लोक खाली येतात, घरातलं सगळं सांगतात, मी खाली असते. कशाला चढायचं?

विशालाक्षी मामी चार दिवस दिसल्या नाहीत. मामी एकट्या असतात, रोज सकाळी दह्याला येतात आणि दह्याला नावं ठेवतात. म्हटलं, बघून यावं. दही घेऊन गेले.

दार उघडं होतं. मामी समोरच्या खोलीत स्टोव्ह मांडून बसलेल्या. "स्वयंपाकघरात का नाही?" म्हटलं.

"जाऊन बघ की," मामी म्हणाल्या.

गेले. छताचा ताटाएवढा तुकडा खाली आलेला. आत लोखंडाच्या सळ्या, गंजून फुगलेल्या. एक बांबू मधोमध उभा करून छताला टेकवलाय. ओट्यावर सिमेंटचा चुरा, आणि चुऱ्यात माझ्याच दुकानाच्या कागदाच्या पुड्या — धने, मोहरी, मेथी — ओळीने मांडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. माझीच गाठ.

"केव्हा पडलं?"

"मंगळवारी. मी ओट्याशी होते. दूध उतू गेलं म्हणून फडकं आणायला वळले, आणि धाडकन!" मामी हसत होत्या. "दुधाने वाचवलं. तुझं दूध पातळ असतं, नाहीतर एवढ्या लवकर उतू गेलं नसतं."

मला हसू येईना. "मामी, सांगितलं का नाही?"

"कुणाला? तुझ्या नवऱ्याला? तो म्हणणार, 'मामी नाटक करतात, सारांनी शिकवलंय.' आणि तुला सांगून काय — तुझं दुकान जाणार. तुझं जावं म्हणून मी कशी तोंड उघडू? दही ठेव तिथं. आंबट आहे ना आजही?"

खाली येताना रोझलिनकडे डोकावले. तिच्या पलंगावर प्लॅस्टिक ताणून बांधलंय, छताची माती अंगावर पडू नये म्हणून. ती ओशाळली. म्हणाली, "अक्का, त्या दिवशी डाळ... जिना उतरवत नव्हता म्हणून..."

म्हटलं, "गप गं. तूरडाळीचं काय घेऊन बसलीस."

२८ जानेवारी

दुपारी अर्धं शटर ओढल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी उरलेलं शटरही खाली ओढलं. मग म्हणाले, "सही कर."

"आणि दुकान?"

"तुझं आहे. तू बघ."

मला राग आला. महिनाभर गावाशी भांडले आणि आता तू बघ! रात्री जेवायला मुद्दाम कालचंच सांबार वाढलं. दोनदा मागून घेतलं! या माणसावर रागावून उपयोग नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी पटांगणात बैठक. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी आयुष्यात कधी बैठकीत बोलले नाही. निळी साडी नेसले, कारण तिच्या पदराला घाम दिसत नाही.

सारांनी विचारलं, "सेल्वकनी अम्मा, तुमचं म्हणणं?"

उभी राहिले. पदर सारखा केला. म्हटलं, "सही मी करणार. आजच करते. मामींच्या घरात अजून एक पावसाळा नको. रोझलिनचं बाळ त्या प्लॅस्टिकखाली नको. माझी अट नाही." टाळ्या वाजायला लागल्या तशी हात वर केला. "अट नाही, पण प्रश्न आहे. उद्या मामींनी दह्याला नावं कुणाच्या दुकानात ठेवायची?"

लोक हसले. मग सगळ्या माना तंगराजकडे वळल्या.

तंगराज उठला. "अम्मा, तुमची भावना समजते. पण खाली सगळं पार्किंग आहे. एका घराला एका गाडीची जागा. मोजून. एक इंच शिल्लक नाही."

तेवढ्यात मामी. काठी टेकत उभ्या राहिल्या. "एका घराला एक गाडी?"

"हो मामी."

"मला पण?"

"तुम्हाला पण."

"मेल्या, मला सायकलसुद्धा येत नाही! माझ्या जागेत काय उभं करू, उखळ? माझी जागा हिच्या दुकानाला लिही."

पटांगणात हशा. पण रोझलिनचा नवरा उठला. लाजत म्हणाला, "आमची दुचाकी आहे, ती भिंतीशी राहील. आमचीही घ्या." मग डी ब्लॉकमधला तो प्रसादवाला म्हातारा. मग एकजण, ज्याच्याशी मी वर्षभर बोलत नाही! जिन्यात चिठ्ठी त्यानेच चिकटवली होती, सगळ्यांना माहीत आहे. खाली बघूनच म्हणाला, "एक लिहा."

सारांनी वहीत हिशेब मांडला आणि — अगदी हळू आवाजात! — म्हणाले, "चार गाड्या म्हणजे आत्ताच्या दुकानापेक्षा थोडं मोठंच. उत्तर बरोबर आहे."

तंगराज म्हणाला, "असं होत नाही. मला वर विचारावं लागेल."

मामी म्हणाल्या, "विचार. सह्या आमच्याकडेच आहेत."

मी पदर तोंडाला लावला. हे मागच्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते, पण चेहरा कसनुसा. भारावले असतील.

३ फेब्रुवारी

वाट बघणे. होकार येईपर्यंत मामी मला सही करू देत नाहीत. मिरच्या निवडल्या. चार किलो!

११ फेब्रुवारी

होकार आला! नकाशा बदलला. रस्त्याच्या बाजूला दुकान, दारात दोन पायऱ्या. पाचव्या मजल्यावरचं घर अर्थातच नाही, दुकानामागे एक खोली, पूर्वीसारखीच. बांधकामाची दोन वर्षं मागच्या गल्लीत, शिंप्याच्या शेजारी गाळा भाड्याने मिळतोय. सार स्वतः बघून आले.

सही केली. 'सेल्वकनी' लिहिताना 'क' जरा वाकडा आला. तंगराज म्हणाला, "चालेल." आज त्याच्या बुटांवर धूळ होती. बसायला खुर्ची दिली.

रोझलिनने फोनवरून काही मागवलं नाही. नवऱ्याला पाठवलं, तूरडाळ आणि चिंच. मी मूठभर शेंगदाणे वर टाकले. गरोदर बाईला लागतात.

२२ फेब्रुवारी

नवा गाळा लावून झाला. फळ्या, डबे, वजनं. मामी उद्घाटनाला आल्या, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "अंधार आहे. दही तरी दिसेल का?"

कंबर मोडली. पण मजेत आहे मी. हे मात्र बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "काही नाही."

२५ फेब्रुवारी

दुपारी चहा प्यायलो. हे म्हणाले, "कनी, एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"मला वाटलं होतं, तू नुसती सही करून येशील. दुकान जाईल. वरच्या घरात खिडकीशी पडून राहीन." कप खाली ठेवला. "अठ्ठावीस वर्षं पहाटे चारला उठतोय गं. दमलो. मला कधीच... पण तुझा जीव दुकानात. म्हणून भांडलो सगळ्यांशी. तुझ्यासाठी."

आणि मी? मला वाटत होतं, ह्यांचा जीव आहे! खुर्च्यांमध्ये उभी राहून सगळ्यांसमोर मागून आणलं, ते ह्यांचं दुकान म्हणून.

हसायला आलं. मग रडू आलं. मग, खरं सांगायचं तर, स्वतःला विचारलं — सेल्वकनी, तुला हवंय का? आणि उत्तर आलं, हो. मला हवंय. आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा.

म्हटलं, "झोपा तुम्ही. उद्यापासून शटर मी उघडीन."

"खरंच?"

"खरंच."

झोपलेत. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. गिऱ्हाईक हाक मारतंय. जाते.