पत्र्याच्या शेडमधला लेथ

मी शिवमूर्ती गुरुलिंगअप्पा शेटे, राहणार पिंगळी, ता. जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण सही माझीच आहे. याआधी तोंडी कोणाला काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे.

राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा रुद्रेश यास. त्याने मला सांभाळले, ते मी नाकारत नाही.

मागील पत्र्याची शेड, त्यातील लेथ, ड्रिल व सगळे पाने मुलगी महेश्वरी हिस. शेडचे रस्त्याकडील दारही तिचेच. रुद्रेश म्हणतो, "अप्पा, तिला लेथ कशाला? भंगारवाला रोज विचारायलाय." अरे बाबा, भंगारातूनच तो मी आणला आणि हाताने दुरुस्त केला. परत तिकडे जाणार नाही.

कारण नमूद करतो. आम्हा लिंगायतांत सुतक पाळत नाहीत. तरी माझी पत्नी नागुबाई लिंगैक्य झाली तेव्हा शेजारच्या मुंजाजीने "लोकं काय म्हणतील?" म्हणत शुद्धी म्हणून लेथवर गोमूत्र शिंपडले, आणि रुद्रेशकडून शेडला तेरा दिवस कुलूप लावून घेतले. कुलूप निघाले तेव्हा लेथच्या बेडवर, म्हणजे हत्यार ज्यावरून सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवर, गंज चढून खड्डे पडले होते. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो, तो बेड पाहून लय रडलो. मग महेश्वरी निळा रंग लावून उंचवटे दाखवी आणि मी खरवडून काढी. हात थरथरू लागल्यावर रंग मी लावला, खरवडले तिने. आज बेड सरळ आहे तो तिच्यामुळे.

सबब अट अशी की, मला समाधी देऊन आल्यावर महेश्वरीने अंघोळ करून त्याच दिवशी लेथ सुरू करावा. कुलूप लावू नये, काही शिंपडू नये. फारच वाटले तर तेलाचा हात फिरवावा. लेथच्या चकमध्ये पकडलेला मुंजाजीच्या पंपाचा शाफ्ट अर्धा कातून राहिला आहे, तो आधी पुरा करावा. रुद्रेशने यात बखेडा केल्यास घरही महेश्वरीचे.

साक्षीला मुंजाजीलाच बोलावले. वरील मजकूर त्याला वाचून दाखवला. ऐकून म्हणाला, "अप्पा, त्या दिवशी माझ्या शाफ्टची घाई न्हाई."
मी म्हणालो, मला आहे.

स्थळ: पिंगळी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४
सही: शिवमूर्ती गु. शेटे

साक्षीदार:
१) योगीराज व्यंकटराव कदम (सही)
२) मुंजाजी सूर्यभान गरुड (सही). ऐकलं. शेडचं दार त्या दिवशी मी उघडतो.