चंद्राक्काची नोंद

धाराशिव, ४ ऑगस्ट २०२५

ती. आत्याआजीस अर्पिताचा साष्टांग नमस्कार.

गुडघ्यांना आराम आहे ना? पुढचं फोनवर विचारवेना, म्हणून पत्र. जुन्या खानेसुमारीवरच्या माझ्या पुस्तकासाठी आपल्या सोनारी गावाची १९४१ सालची वही मिळाली. वेडे, आंधळे, मुके, भिकारी सगळे शेवटच्या एकाच पानावर कोंबलेत. तिथं लिहिलंय : 'चंद्रभागा, वय एकोणीस, मुकी, वेडी, भिकारी. मुक्काम कोंडीरामाचा गोठा.' कोंडीराम म्हणजे तुमचे वडील, माझे पणजोबा. चाळीस एकरांच्या धन्याच्या गोठ्यात ही कोण होती? रणधीरदादा म्हणतो, घराची अब्रू जाईल, ते पान छापू नकोस. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
तुमची अर्पिता

परंडा, ११ ऑगस्ट २०२५

चि. अर्पितास पोटभर आशीर्वाद.

गुडघ्यांचं काय विचारतीस, चौऱ्याण्णव वर्सं चाललेत ते. पोरी, चंद्राक्का माझी सख्खी थोरली बहीण. जन्माची मुकी-बहिरी, पण वेडी न्हाय. हातांनी लई बोलायची, मला हसवून हसवून रडवायची. त्या साली माझी सोयरीक परंड्याला ठरली. घरात मुकी हाय हे कळलं तर मोडंल, म्हणून आबांनी तिला गोठ्यात कोंडली. नोंदी करणारा कारकून आला, तसं आबा म्हणाले, भिकारीण हाय कुणीतरी, पडून असती.

अक्काला ओठ हलताना बघून बोलणं कळायचं, तिनं फटीतून ते बघितलं. दाराची कडी निखळवून ती धावत आली, छातीवर हात मारून आबांकडं बोट केलं, मी ह्यांची म्हणून. आबांनी मुसळ उचललं आणि उंबऱ्यावर तिची बोटं ठेचली. तिनं आबांच्या कानाचा लचका तोडला. मग चुलत्यांनी दाव्यानं बांधून तिला लाथांनी तुडवली. भुई रक्तानं भिजली. कारकुनानं 'वेडी' लिहिलं. जाता जाता मला विचारलं, ही तुझी कोण? अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. म्या म्हटलं, कुणी न्हाय.

त्यावर ती हललीच न्हाय. कारकून गेल्यावर परत मारत ऱ्हायले, मारणारे थकले, तरी न्हाय. तिसऱ्या दिवशी गेली. पंधराव्या दिवशी मला हळद लागली.

रणधीरला सांग, अब्रू तवाच गेली. पान छाप, आबांचं नाव झाकू नकोस. आणि म्या काय म्हटलं, ते पण लिही.

वाचून राग आला तरी येत ऱ्हा.
तुझी आत्याआजी,
चंद्रभागेची बहीण लक्ष्मीबाई