आठवी फ्लॉपी

३० सप्टेंबर १९९५
नवा सर्व्हर आला! पितृपक्षात श्रीपादकाकांनी येऊ दिला नव्हता. वधू-वर मंडळ त्यांचं, शब्दही त्यांचाच. आता तीन टेबलांवर तीन स्क्रीन आणि नावं सगळी एका पेटीत. जुन्या मशीनमधली चार हजार स्थळं मी बारा फ्लॉप्यांवर उतरवून घेतली. काका म्हणाले, "हेमा, एक जरी नाव हरवलं तर पुन्हा कार्डं आणि लाकडी कपाट!" तुळशीच्या लग्नाच्या आत सगळं नव्यात चढायला हवं.

त्या चार हजारांत माझं नाव नाही. चौदाव्या कांदेपोह्यांनंतर, जानेवारी ९३ मध्ये, मीच गुपचूप पुसलं. बाबांना ठाऊक नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "मंडळाचं पत्र नाही आलं?" नाही म्हणताना लाज वाटते. तरी म्हणते.

२ ऑक्टोबर
खंडेनवमी. सर्व्हरला झेंडूचा हार. जुनं मशीन दुकानदार बदल्यात घेऊन गेला — काकांनी त्याची ओटी भरायची तेवढी ठेवली!

४ ऑक्टोबर
घात! काकांनी फ्लॉप्यांचीही पूजा केली होती. "अगं, आपली शस्त्रंच ना ती!" बाराही फ्लॉप्यांवर ओल्या कुंकवाचं बोट. आठवीवर ते नेमकं उघड्या खाचेत — आत चकतीवर. मशीन खर्र करतं आणि थांबतं. गुरुदत्त, वर्तकनगरहून येणारा इंजिनियर, कापूस आणि स्पिरिट घेऊन तासभर पुसत बसलेला. शेवटी म्हणाला, "मॅडम, आठवी गेली म्हणजे आख्खा सेट गेला. दुसरा बॅकअप आहे ना?"

दुकानदाराला फोन केला. त्याने जुन्या मशीनमधलं सगळं कालच पुसून टाकलं. मेले!

५ ऑक्टोबर
सापडला! डिसेंबर ९२ चा सेट, घरी ट्रंकेत, बाबांच्या स्वेटरखाली. सरळ चढला. गुरुदत्तने सर्व्हरला चक्क नमस्कार केला. काका कुंकवाचा करंडा घेऊन निघाले, आम्ही दोघांनी धरून बसवलं.

२८ ऑक्टोबर
मधल्या तीन वर्षांचे फॉर्म, लग्न ठरल्याची पत्रं — फायलीत होतं ते सगळं कागदावरून पुन्हा भरलं. ऐन दिवाळीत! बोटं मोडायची वेळ आली. काका खूश. "एकही नाव हरवलं नाही, शाब्बास!"

१ नोव्हेंबर
नव्या सर्व्हरची पहिली जुळणी — एकशे ऐंशी पत्रं! लेबलं, डिंक, तिकिटं. गुरुदत्त गप्पा मारत बसलेला. पत्ते वाचतंय कोण!

४ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न. घरी आले तर बाबा दारातच उभे, दुखरे गुडघे घेऊन. हातात मंडळाचं पाकीट. "हेमा, आलं गं, आलं! मी म्हणत नव्हतो, त्यांचं जुनं मशीनच बिघडलेलं असणार!"

सगळ्याचे कागद होते. मी माझं नाव पुसलं ते डिसेंबरच्या त्या सेटनंतर; त्याचा कागद कुठून असणार? तिकीटही मीच चिकटवलेलं.

"हो बाबा," म्हटलं, "मशीनच." आणि रडूच आलं. उद्या नाव पुन्हा पुसणार नाही.

पाकीट अजून फोडलेलं नाही. देवापुढे आहे. बाबांनी त्याला कुंकू लावलंय.