चाळीस दिवस वीज गेली तरी

१२ मार्च २००७, घाटंजी

एकतीस सेकंद! तीन हजार फाइलींची नक्कल व्हायला कालपर्यंत चार मिनिटं लागायची. माझ्या घड्याळावर भरवसा बसेना, अब्बांचं मागून आणलं. तेच!

युक्ती एवढीच — प्रत्येक फाइल लगेच डिस्कवर लिहायची नाही. मेमरीत साठवायची, मग सगळं एकदम. खुलं सॉफ्टवेअर आहे, जगभरचे लोक त्यात भर घालतात. आता आमचीही.

१४ मार्च

सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर पहिलाच प्रश्न — लिहायच्या आत वीज गेली तर? हसूच आलं. मला विचारतात! इथे रोज अकराला लाईट जाते ती पाचला येते. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सहाही मशीनवर माझा बदल, म्हणजे पॅच, टाकला. मी दहाला शाळेत शिकवायला जाते, तेव्हा क्लास धाकटी बहीण मेहनाज बघते.

२३ एप्रिल

चाळीस दिवस. चाळीस वेळा लाईट गेली, फाइल एकही गेली नाही. तसंच लिहून पाठवलं.

४ मे

नव्या आवृत्तीत माझा पॅच! खाली नाव — नाजिया, घाटंजी. कापसाच्या बातम्यांसाठी येणारे पत्रकार सोडले तर या गावाचं नाव लिहितो कोण?

मुकुटबनच्या शाळेतले सेवादास सर मशीन घेऊन आले होते. त्यावर नवी आवृत्ती मीच हौसेने टाकली. त्यांच्या आईची, लालीबाईंची, गोरबोलीतली, म्हणजे बंजारा बोलीतली, गाणी आहेत त्यात. आईला ते याडी म्हणतात. त्या गेल्या वर्षी वारल्या. सर एकेक गाण्यातली खरखर काढतात आणि त्याच नावाने सेव्ह करतात. दुसरी प्रत नाही.

२१ मे

सरांचा फोन. अचानक लाईट गेली, आली, आणि एकोणीस गाणी शून्य आकाराची. "एकबी उघडून नाही राह्यलं, मॅडम."

मी तोऱ्यात सांगितलं — डिस्क मेली तुमची, नवी घ्या. माझ्याकडे चाळीस दिवसांचा पुरावा होता ना!

२९ मे

तरी राहवेना. शाळेला सुट्टी, म्हणून आज पहिल्यांदाच अकरापर्यंत क्लासमध्ये थांबले. पावणेअकराला मेहनाज उठली आणि एकेक मशीन रीतसर बंद करू लागली.

"हे काय करून राह्यली?"

"लाईट जाईन ना आता, आपा. रोजच करतो मी."

रोज! तिला काय बोलणार? अकराच्या आत आमच्याकडे टाकी भरते, मिक्सर फिरतं, इस्त्री होते. मीही तेच केलं असतं. चाळीस दिवसांत एकदाही चालू मशीनची वीज गेलीच नव्हती!

पाचला लाईट आल्यावर फाइली सेव्ह केल्या आणि सरळ प्लग उपटला. शून्य. पुन्हा उपटला. शून्य.

३० मे

लिस्टवर लिहिलं — चाचणी खोटी ठरली, चूक माझी, पॅच आजच काढा.

पण सरांची डिस्क मेलेली नाहीच! जुना आवाज आत तसाच पडून असणार, फक्त त्याचा पत्ता हरवलाय. वर दुसरं काही लिहिलं नसेल तर काढता येईल. फोन लागत नाही. उद्या पहिल्या एसटीने मुकुटबन.

३१ मे

सर म्हणाले, "तुमी म्हनल्या डिस्क मेली. परवा याडीले वर्ष झालं. भंगारात कशी देऊ, मॅडम, तिचा आवाज होता त्याच्यात. पैनगंगेच्या पान्यात शिरवली."