टाकीतली गंमत

३ मार्च
आलो बाई एकदाच्या! मायलेकींचं बिऱ्हाड लागलं. खोल्या दोनच, पण पुढच्या खोलीत भिंतीएवढी लांब काचेची टाकी आहे. आधीचा भाडेकरू तशीच सोडून गेला. घरमालकीणबाई म्हणाल्या, नको असेल तर भंगारात देते. म्हटलं, भंगारात कशाला! मूर्ती घडवून पोट भरणारी बाई मी, इथे समुद्रच वसवते. आमची सात वर्षांची ठमी तर टाकीत बसूनच जेवली.

त्या माणसाचे हात म्हणे शेवटी कामातून गेले होते. कुलूपसुद्धा शेजाऱ्यांकडून उघडून घ्यायचा. वय झालं असेल बिचाऱ्याचं.

९ मार्च
टाकीत वाढवायचं जिवंत प्रवाळ विकणाऱ्या प्रवाळवाल्याच्या दुकानात जाऊन आलो. माणूस गोड, पण सूचना फार. सिमेंटची मूर्ती साध्या पाण्यात महिनाभर मुरवा, नाहीतर चुना उतरून सगळं मरेल. आणि जुन्या टाकीतली वाळू मुळीच वापरू नका, तिच्यात आधीचं काय काय बसलेलं असतं. मी हो हो म्हटलं. नवी वाळू विकायला बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? आमच्या टाकीच्या तळाशी पांढरीशुभ्र वाळू आयती पडलीय. धुतली, वाळवली, सिमेंटमध्ये कालवली.

१० मार्च
आज दोन कमानी आणि एक गुहा झाली. मग ओल्या वाळूत हात दाबून त्या खळग्यांत सिमेंट ओतलं. ठमीचा हात काय सुबक उतरला! माझा म्हणजे नुसता खराटा. माझी पाठ वळल्यावर ठमीने आपली एक वेगळी ‘गंमत’ ओतली. ती मी बघायची नाही म्हणे. बाईसाहेबांच्या नाकातोंडाला वाळू लागली होती, कुठे डोकं खुपसलं होतं देव जाणे. सगळं गॅलरीतल्या पिंपात मुरत ठेवलंय.

२ मे
टाकी जिवंत झाली! ठमीचा हात मधोमध ठेवला आणि त्याच्या मनगटाशी जांभळं प्रवाळ चिकटवलं. हे दगडावर साय धरल्यासारखं पसरतं म्हणे. माझा खराटा आणि तिची गंमत पिंपातच आहेत. ठमीला वाईट वाटलं. हात पाण्यात एकटा पडेल म्हणाली. वेडाबाई.

१९ मे
प्रवाळ मनगटावरून करंगळीवर चढलं, इतक्या लवकर! दृष्ट काढावी असा रंग आहे. ठमीला मात्र बटणं लावता येईनात. करंगळी वाकत नाही. पडली असेल कुठेतरी, सांगत नाही कार्टी.

२७ मे
आता दोन बोटं. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, मलम लावा. बोटं गार आहेत. खरखरीत. टाकीत बघितलं, तिथेही दोनच बोटं झाकली गेलीत. मी काय खुळी आहे का असलं जोडायला?

२८ मे
खुळी नाही. सुरीने प्रवाळ जरासं खरवडलं आणि आतल्या खोलीत ठमी किंचाळली. तिच्या करंगळीचं साल निघालं होतं.
ती वाळू. माझ्या हाताने कालवली मी.

३० मे
प्रवाळवाल्याकडे गेले. खरं कसं सांगणार? न तोडता प्रवाळ हलवायचं कसं, एवढंच विचारलं. म्हणाला, नवा दगड चिकटून ठेवा. नवा मिळाला की त्याला जुन्याचं प्रेम उरत नाही, आपणहून सरकतं.
नवा दगड आहे माझ्याकडे. पिंपात. त्याच वाळूचा.

३१ मे
टाकीत माझा सिमेंटचा हात तिच्या हातावर पालथा ठेवला. घे बाबा. मोठा आहे, पुरेल तुला.

९ जून
सरकलं! ठमीने आज स्वतः वेणी घातली. वाकडीतिकडी, पण घातली. मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. माझी करंगळी गार पडलीय. पडू दे.

१७ जून
उजवा गेला. डाव्याने लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ठमी विचारते, आई तुझा हात का वाकत नाही. म्हटलं, म्हातारी झाले. तिचा हात सुटा झाला, टाकीतून काढून कपाटात ठेवला. आता टाकीत माझाच. मी जिंकले—

२० जून
पिंप रिकामं आहे.
ठमीला विचारलं. हसली. मला जवळ ओढून म्हणाली,
“आई, तुझा हात तिथे एकटा होता ना, म्हणून माझी गंमत ठेवली. आता तो माझा गाल धरतो.”

टाकीत सिमेंटचा तिचा चेहरा. डोळे मिटलेले. नाकावर वाळूचे कण—
हनुवटी जांभळी झालीय.
ओढून काढायला गेले— हलत नाही. माझीच सिमेंटची बोटं त्याला धरून बसलीत. खेचलं तर तिची कातडी—
नवा दगड हवा. दुसरा काही नवा— वाळू कुठे आहे, वाळू संपली—

ओठांपर्यंत आलं.
ठमी दारात उभी आहे. मला हाक मारतेय. नाही, आवाज येत नाहीये, नुसतं तोंड— तोंडही आता—