नोव्हेंबरच्या आगाऊ सह्या

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

इमलीबन बसस्थानकातून सकाळची बस धरली आणि अडीच तासांत येल्लमवाडीच्या सरकारी हायस्कुलात रुजू झालो. वय वर्षे बावन्न. वर्तमानपत्राचं हैदराबाद कार्यालय बंद पडलं, म्हणून सव्वीस वर्षांचा वार्ताहर आता मराठीचा हंगामी शिक्षक. संस्कृतातली एम.ए. पदवी आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मागून पाहिली. पाहून परत दिली, हेही आलं.

स्वागत मात्र मंत्र्यासारखं झालं. हार, नारळ, हलगी. मुख्याध्यापक हिम्मतराव हे गावचेच, धोतरावर कोट घालणारे. गणिताचे एकनाथराव नमस्कारापुरते बोलले. दुपारचं जेवण रांधणाऱ्या सत्यवतीअम्मांनी अंबाडीची भाजी वाढली आणि ‘सार, वाळलात किती’ म्हणाल्या. हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीत पंधरा वर्षांत एवढी आपुलकीची थाप कुणी मारली नव्हती.

मुलं चौतीस, वर्गखोल्या चार, फळे तीन. शाळेमागे राहायला खोली, खिडकीतून तळं दिसतं. एकंदरीत आश्रमवास, फक्त मृगाऐवजी बकऱ्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दहावीला ‘देवः देवौ देवाः’ शिकवलं. अभ्यासक्रमात नाही, पण मला दुसरं येतं काय? पोरांनी ते हलगीच्या ठेक्यावर बसवलं. पाणिनी डोळे मिटून ऐकता तर बरं वाटलं असतं त्याला.

गावाच्या प्रेमाचं कारण कळलं. मराठी माध्यमाची या भागातली ही शेवटची शाळा. तीन शिक्षक नसतील तर बंद करून मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, तेलुगू शाळेत मिसळू, असं वरून पत्र आलेलं आहे. म्हणजे मी माणूस नसून संख्या आहे. तीन ही संख्या. मोबाइलवर चेहरा दाखवून हजेरी लावायचा हुकूम निघालाय, पण इथे रेंज तळ्याच्या बांधावरच, म्हणून अजून मस्टर चालतो. लाल पुठ्ठ्याचा, जाड. हिम्मतराव तो देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा दोन्ही हातांनी उचलतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रविवारी मृण्मयीचा साखरपुडा, शनिवारीच निघायला हवं. लेकीचा साखरपुडा आणि बापाला पहिल्या महिन्यात रजा नाही. हिम्मतरावांपुढे तोंड वेंगाडलं. त्यांनी शांतपणे पेन दिलं. महिनाभराच्या सह्या करून टाका म्हणाले, सगळेच करतात. रविवारचे चौकोनही सोडू देईनात. मी म्हटलं, रविवारी तर शाळाच नसते. ते म्हणाले:

“सही हितं असली की मानूस हितंच असतो, सार. निवांत जावा.”

तीस तारखेपर्यंत सह्या ठोकल्या. जन्मभर बातमीत ‘कथित’ लिहून स्वतःला वाचवलं. आज स्वतःच कथित हजर झालो. एकनाथराव समोरच बसले होते. काही बोलणार असं वाटलं, पण वह्या तपासत राहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हे शांतपणे लिहायचं आहे.

बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. दुपारी घरी पोचलो, बेल वाजवली. शैलाने दार उघडलं, माझ्या पलीकडे जिन्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाली, कोणी नाही गं. दार मिटायच्या आत मी आत शिरलो. हाका मारल्या. खांद्याला हात लावला, तर तिने पंखा बारीक केला.

चेष्टा असेल म्हणून तासभर वाट पाहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात शैलाला चेष्टा जमलेली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

हैदराबादेतच, हिमायतनगरचा हॉल. मी पहिल्या रांगेत उभा होतो. पाहुणे विचारत होते आणि शैला सांगत होती, सुट्टी नाही मिळाली, काल हिम्मतरावांचा फोन होता, शाळेतच आहेत. माझ्या जागी पाटावर मेहुणा उदय बसला. व्याह्यांना नारळ त्याने दिला. माझ्याहून नीट दिला.

आरशासमोर मृण्मयी काजळ पुसत मैत्रिणीला म्हणाली, “बाबांचं नेहमीचंच. मला सवय आहे.”

मी तिच्या मागे हातभर अंतरावर होतो. आरशात ती एकटीच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

परत आलो. फाटकातच पोरं ओरडली, नमस्ते सार! रडू आलं. मी दिसतो. इथे दिसतो. सत्यवतीअम्मांनी ताट वाढलं आणि दोन दिवस जेवणाला का नव्हता म्हणून रागावल्या. हिम्मतराव मात्र म्हणाले, होते की, मस्टरवर आहेत.

एकनाथरावांना गाठलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीही एक महिना आगाऊ भरला होता, भावाच्या लग्नासाठी. मग नांदेडला आई गेली. ते तिच्या उशाशी बसून होते; ती त्यांचंच नाव घेत गेली, दाराकडे बघत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बांधावरून फोन केला. शैला नुसती हॅलो हॅलो करते. माझा आवाज तिकडे पोचत नाही.

सह्या खोडायला गेलो. ब्लेडने कागद फाटतो, सही खालच्या पानावर तशीच. गावातलं कुणी वाईट नाही. एका बाईने आज दही आणून दिलं. तुमच्यामुळे पोरीची शाळा टिकली म्हणाली आणि पाया पडली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या सह्या संपतात. लग्न एकवीस डिसेंबरला. ठरलं: डिसेंबरची सही करायची नाही.

एकनाथराव नको म्हणाले. माझ्या जागेवर आधी उमाजी सर होते. त्यांनीही महिना संपल्यावर सही केली नाही. मग घरी पोचले का, विचारलं. एकनाथरावांनी खिडकीखालच्या रिकाम्या बाकाकडे बोट केलं. तिथे बसत असावेत, म्हणाले. आपण तसं समजायचं.

भाकडकथा. न्यायशास्त्र शिकलेला माणूस मी. आणि ते हात जोडून म्हणत होते, इथे निदान दिसता तरी, सर.

१ डिसेंबर, सोमवार

सही केली नाही.

वर्गात गेलो. कुणी उठलं नाही. सत्यवतीअम्मांनी माझं ताट पुसून पालथं घातलं.

बस — शैला — पुन्हा जिना पाहिला. पुन्हा दार.

इथेही नाही. तिथेही नाही.

२ डिसेंबर

परत आलो. सही करतो, आयुष्यभर करतो. पेन टेकवलं, मस्टरवर शाई उमटत नाही. या वहीत उमटते. फक्त या.

हिम्मतराव बांधावर फोनवर होते. घरी कळवत होते. सर कालपासून आले नाहीत हो. तिकडे आलेत का?

३ डिसेंबर

मृण्मयी आली आहे. एकटी. मला शोधायला. डोळे सुजलेले.

ऑफिसात बसलीय. अम्मांनी चहा दिला. गाव जमलंय, सगळे हळहळतायत, मनापासून. हिम्मतराव सांगतायत, वडील सापडेपर्यंत त्यांची जागा रिकामी राहिली तर शाळा जाईल पोरी, चौतीस लेकरं आहेत. नावापुरती तुझी एक सही. नंतर निवांत जा.

ती मान डोलावतेय. बाबांना या शाळेचं फार प्रेम होतं का, विचारतेय.

एकनाथराव — तोंड उघडा — खाली बघतायत —

मी ही वही तिच्यासमोर सरकवली. तिने अक्षर ओळखलं. छातीशी धरली. मग उघडली. पण तिला मराठी वाचता येत नाही, अक्षर अक्षर जोडावं लागतं. इंग्रजी शाळेत मीच घातली. मीच. प्रवेशाच्या रांगेत पहाटे चारपासून —

पहिल्या पानावर आहे ती. ‘इ-म-ली’. बोट ठेवून वाचतेय. इकडचं पान बघ. बाळा, शेवटचं —

मस्टर उघडला. पेनाचं टोपण काढलं हिम्मतरावांनी.

मोठ्या अक्षरांत लिहितो.

मृण्मयी तुझं नाव लिहू न