पाच नंबरची धग

११ एप्रिल
हीटर चालू. काळ्या खडकातले पाचही सेन्सर वाचले. एक नंबर हीटरला खेटून, तो चांगलाच तापलाय. पाच नंबर सगळ्यात लांब, ढिम्म. त्याचं आणि माझं जमतं.
सासऱ्यांचा दिग्रसहून फोन. "जावई, ते अणूच्या कचऱ्याचं काम सोडा. त्याच्यापायीच माही नात गेली." पुन्हा सांगितलं, इथं कचरा नाही. पुढं कधी कुठं पुरला, तर त्याच्या उष्णतेनं खडकाचं काय होईल ते बघायला बोअरमध्ये विजेची शेगडी सोडलीय, बस. ते म्हणाले, "मंग शेगडीले एवढे साहेब कायले लागतात?"

१६ एप्रिल
पांढरकवड्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाजी न घेताच आलो. वॉचमन रऊफचाचांनी डब्यातली अर्धी भाकर दिली. चव कळली नाही.
पाळणा कुणाला देऊन टाकावा का? सुनीताला माहेरी फोन करून विचारायला हवं. विचारणार नाही.

२३ एप्रिल
गावातली माणसं बघायला आली. साहेबांनी समजावलं, कचऱ्याचे डबे एकमेकांपासून लांब ठेवायचे. जवळ ठेवले तर एकाची धग दुसऱ्यात मिसळते, खडक सोसत नाही. एक बाई म्हणाली, "ओल्या कापसाचा ढीग आतून तापते, तसं." मग तिनंच विचारलं, "इथंच आनसान का थो कचरा?" साहेब म्हणाले, ते माझ्या हातात नाही. चहा कुणी घेतला नाही. सगळा मी आणि चाचांनी संपवला.
सुनीता माहेरी, मी इथं. लांब ठेवलं की सोसतं म्हणे.

२ मे
सुनीताचा फोन, गेल्यापासून पहिला.
"तुमी तिले खोल ठेवलं ना?"
एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आईला नेत नाहीत. तिनं जागा पाहिलेलीच नाही. म्हटलं, नाल्याकाठी, कमरेइतकं खोल, वर मोठा दगड.
"कुत्रे तं नाही ना येत?"
नाही.
मला काहीच झालं नाही. फोन ठेवला आणि रीडिंग घ्यायला गेलो. बापासारखं काहीतरी व्हायला हवं होतं.

१२ मे
हीटर बंद केला. एक नंबर लगेच उतरू लागला. पाच मात्र आत्ता कुठं चढतोय. वायरिंगमध्ये घोळ असेल म्हणून सगळं तपासत बसलो. साहेब हसले. "अरे, शेगडी विझली तरी धग वाटेत असते. त्याच्यापर्यंत आत्ता पोचतेय."
जेवलो. झोपलो.

१७ मे
सुनीता आली, सकाळच्या एसटीनं. वाळलीय.
"पह्यले तुमचं ते दाखवा."
शेडमध्ये नेलं. बोअरच्या झाकणावर तिनं तळवा ठेवला. "हे तं थंड हाय."
आत खोल आहे, म्हटलं.
मग नाल्याकाठी गेलो. दगड तिला दाखवावा लागला नाही. बसली, हात ठेवला. दगड भाजत असणार, तिनं हात काढला नाही.
"उन्हानं तापलाय," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.
"मले समजते."
मग म्हणाली, "नाव ठेवाचं राह्यलं."
हो म्हणालो.
घरी पाणी प्यायली, पाळणा बघितला, संध्याकाळच्या बसनं परत. येशील का, विचारलं. बस हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "पाळना कोनाले देऊ नका."

१८ मे
रीडिंगला बसलो. एक ते चार लिहिले. पाचवर आलो आणि आकडा दिसेना. चष्मा पुसला. चष्म्याचं काही नव्हतंच. चाचा दारात होते, त्यांना म्हटलं, तुम्ही वाचा.
त्यांनी वाचला. मी लिहीत नाही हे त्यांनी पाहिलं, आणि मीटरकडेच बघत राहिले.
"कालच्याहून ज्यादा हाय, बाबू. चढूनच राह्यला."